दांडीवरचा भार

दिवाळीनंतर भंडाऱ्याहून साकोलीकडे किंवा पवनीकडे निघालं, की धानाच्या कट्ट्यांनी भरलेली एखादी ट्रॉली हमखास आडवी येते. मागच्या गाडीवाल्याचा जीव तिला ओलांडून जायला कासावीस होतो. पण ज्यांनी नुकताच प्रवासाचा ट्रेलर घेतलाय, म्हणजे चारचाकीमागे जोडून न्यायची चाकांवरची खोली, त्यांनी थोडा वेळ त्या ट्रॉलीच्या मागेच राहावं. कट्टे कुठे जास्त रचलेत, वळणावर ट्रॉलीची चाकं कुठून जातात, खड्ड्यातून निघताना हुकापाशी काय होतं, ते पाहून घ्यावं. ट्रेलर विकणारा माणूस गादी किती जाड आहे ते सांगतो, ओटा दाखवतो, बारक्या फ्रीजचं दार उघडून दाखवतो. वजन कुठे ठेवायचं हे तो सहसा बोलत नाही, आणि घेणाराही विचारत नाही. घेणाऱ्याच्या डोळ्यांपुढे खोली असते. रस्त्याला मात्र ती फक्त एक ओढली जाणारी गाडी दिसते.

महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. इंजिन असलेल्या घरगाड्यांबरोबर एका आसाचे आणि दोन आसांचे ट्रेलर, तंबूचे ट्रेलर, घडी होणारे ट्रेलर हे सगळे प्रकार त्यात धरले आहेत, आणि त्यांच्या मुक्कामासाठी कॅरॅव्हॅन पार्कची कल्पनाही आहे. तरी आपल्याकडे रस्त्यावर दिसतात त्या बहुतेक टेम्पोच्या किंवा बसच्या सांगाड्यावर बांधलेल्या घरगाड्या. ओढायचा ट्रेलर विरळाच. त्यामुळे नव्या मालकाला शेजारी अनुभवी माणूस मिळत नाही, असं वाटतं. भंडारा जिल्ह्यात तरी ते खरं नाही. इथे गावोगाव ट्रॉली ओढणारी माणसं आहेत, आणि खासर, म्हणजे मालाची बैलगाडी, हाकलेली म्हातारी माणसं अजून आहेत.

चाकांवर बिऱ्हाड घेऊन निघणंही झाडीपट्टीला नवं नाही. माल वाहायला खासर, माणसं न्यायला हलकी रेंगी. महाशिवरात्रीला तुमसर तालुक्यातल्या गायमुखच्या जत्रेला किंवा दिवाळीनंतर पाहुण्यांच्या गावच्या मंडईला निघायचं, तर गाडीवर तट्ट्याचं छप्पर चढे आणि खाली तणसाचा जाड थर पसरला जाई. तणसावर पोरं झोपायची, आणि मुक्कामावर तेच तणस बैलांपुढे पडायचं. परतीच्या वाटेवर गादी पातळ झालेली असे. सामानाची एवढी चोख योजना आजच्या कुठल्याही महागड्या ट्रेलरात मला दिसलेली नाही.

तिकडे इंग्लंडमध्ये हौसेखातर असा प्रवास पहिल्यांदा गाजवला तो विल्यम गॉर्डन स्टेबल्स या नौदलातल्या निवृत्त डॉक्टराने. १८८५ मध्ये त्याने ‘वाँडरर’ नावाची घोड्यांची घरगाडी बांधून घेतली आणि तीत बसून तो स्कॉटलंडपर्यंत गेला. गाडीचं वजन सुमारे दोन टन. पुढचा रस्ता अरुंद आहे का, समोरून काही येतंय का, हे पाहायला एक नोकर तीनचाकी सायकलवर पुढे जाई. आज तो नोकर नाही, पण त्याचं काम शिल्लक आहे. गल्लीत, देवळाच्या कमानीखाली किंवा धरणाच्या कच्च्या रस्त्यावर ट्रेलर घालण्याआधी एकाने उतरून चालत पुढे जाऊन पाहावं. आत शिरणं सोपं असतं. उलटं बाहेर काढताना पंचाईत होते.

आता मुद्द्याची गोष्ट. खासरात पोती भरताना जाणता माणूस भार आसाच्या किंचित पुढे राखतो. मागे जास्त झालं, की खासर उलाळ होतं, धुरी वर उचलली जाते आणि बैलांच्या गळ्यातले पट्टे आवळतात. पुढे जास्त झालं, तर जू मानेवर दाबतं. म्हणून जवळजवळ तोल साधायचा आणि कणभर भार जुवावर ठेवायचा, हे बैलगाडीचं शास्त्र. दोनचाकी ट्रॉलीलाही तेच लागू. तिच्या पुढच्या भाराचा वाटा ट्रॅक्टरच्या हुकावर येतो, त्याने ट्रॅक्टरची मागची चाकं जमिनीला घट्ट धरतात.

चारचाकीमागच्या ट्रेलरला मात्र हे ‘कणभर’ पुरत नाही. बैल ताशी चार-पाच किलोमीटर चालतात, ट्रॉली वीस-पंचवीसने जाते, आणि तुम्ही राष्ट्रीय महामार्ग ५३ वर सत्तर-ऐंशीने जाणार आहात. इतक्या वेगात ट्रेलरच्या दांडीने गाडीच्या हुकावर चांगलाच दाब द्यावा लागतो. अमेरिकेत प्रवासी ट्रेलरसाठी एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार दांडीवर असावा असं मानतात. युरोपातले ट्रेलर हलके, वेगाच्या मर्यादा कडक, तिथे ५ ते ७ टक्क्यांवर भागतं. आपले रस्ते आणि आपली लादण्याची सवय पाहता १० टक्क्यांच्या खाली येऊ नये, असं माझं मत आहे. पण तुमच्या गाडीचा हूक जास्तीत जास्त किती दाब सोसतो, हे गाडीच्या माहितीपुस्तकात पाहावं, आणि तो आकडा लहान असेल तर तितका हलका ट्रेलर घ्यावा. दांडी हलकी करून वेळ मारून नेऊ नये. काही मोटारींच्या पुस्तकात ट्रेलर ओढूच नये असं स्पष्ट लिहिलेलं असतं. ते आधी वाचलं, तर पुढचा सगळा खर्च वाचतो.

भार मागे गेला की काय होतं? ट्रेलर हुकाच्या गोळ्याभोवती डावी-उजवीकडे फिरू शकतो. वाऱ्याचा झोत आला किंवा मोठा ट्रक ओलांडून गेला, की त्याचं मागचं टोक बाजूला सरकतं. टायर त्याला पुन्हा सरळ आणतात, पण तो थोडा पलीकडे जातो आणि परत येतो. कमी वेगात हा हेलकावा आपोआप विरतो. वेग वाढत जातो तसा तो विरायला वेळ लागतो, आणि एका वेगापुढे तो विरतच नाही. प्रत्येक झोका आधीच्याहून मोठा होतो आणि शेवटी ट्रेलर मोटारीलाच फिरवतो. ज्या ट्रेलरची मागची बाजू जड, त्याचा हा धोक्याचा वेग खूप खाली येतो. जड वस्तू दोन्ही टोकांना ठेवून मधोमध तोल साधला, तरी उपयोग नाही. दांडीवरचा आकडा बरोबर येईल, पण हेलकावा सुरू झाला की टोकांचं वजन त्याला थांबू देणार नाही. जड ते आसाजवळ आणि खाली, हलकं ते टोकांना आणि वर.

हेलकावा सुरू झालाच, तर हात-पाय नेमकं उलटं करायला धावतात. माणूस जोरात ब्रेक दाबतो, किंवा स्टिअरिंग वळवून ट्रेलरचा पाठलाग करतो. दोन्हींनी तो वाढतो. वेग वाढवून ट्रेलर ‘ओढून सरळ करण्याचा’ सल्लाही कुणीतरी देतं, तो सर्वांत वाईट. ॲक्सिलरेटरवरचा पाय काढायचा, स्टिअरिंग सरळ धरून ठेवायचं आणि वेग आपोआप उतरू द्यायचा. ट्रेलरला स्वतंत्र विजेचे ब्रेक असतील आणि त्यांची कळ चालकाच्या हाताशी असेल, तर फक्त तेच हलके दाबावेत. मग थांबून सामान पुढे सरकवावं. मुळात वेगच आवरता ठेवावा. जर्मनीत मोटारीमागे ट्रेलर असेल तर सर्वसाधारण मर्यादा ताशी ८० किलोमीटरची आहे, आणि तिथले रस्ते कसे असतात हे सांगायला नको.

थोडं गणित करू. समजा ट्रेलर भरून १,००० किलोचा आहे आणि आस हुकापासून साडेतीन मीटर मागे. दांडीवर १०० किलो येतात, म्हणजे ठीक. आता मागच्या भिंतीला, आसापासून दोन मीटर मागे, दोन सायकली आणि एक जादा चाक मिळून ६० किलो लटकवले. ६० गुणिले २ भागिले साडेतीन, म्हणजे दांडीवरून सुमारे ३४ किलो उचलले गेले. एकूण वजन वाढलं आणि दांडी हलकी झाली, १० टक्क्यांवरून सव्वासहाच्या आसपास. पाण्याची टाकी हा दुसरा चकवा. १०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो. टाकी आसाच्या अर्धा मीटर मागे असेल, तर ती भरल्यावर दांडीवरून १४ किलो जातात. टाकी आसाच्या पुढे असेल, तर उलट ती रिकामी होत गेली की दांडी हलकी होते. म्हणून टाकी कुठे आहे हे ट्रेलर घेतानाच वाकून पाहावं. हुकावरच्या दाबाने मोटारीचं मागचं टोकही खाली बसतं, पुढची चाकं हलकी होतात, आणि रात्री समोरून येणाऱ्यांच्या डोळ्यांत तुमचे दिवे जातात. म्हणून मोटारीच्या डिकीत त्या दिवशी जड काही भरू नये.

हे सगळं मोजायला भंडाऱ्यासारखी सोय दुसरीकडे कमी. धानाच्या मुलखात धर्मकाटे जागोजागी आहेत. ट्रेलर पूर्ण भरून, टाकीसकट, काट्यावर न्या. मोटार सोडवून, दांडी तिच्या जॅकवर टेकवून, सबंध ट्रेलर एकदा मोजा. मग मोटारीला जोडून फक्त ट्रेलरची चाकं काट्यावर ठेवा आणि मोटार बाहेर ठेवा. दोन्हींतला फरक म्हणजे दांडीवरचा भार. ट्रकचे मोठे काटे पाच-दहा किलोंच्या टप्प्याने आकडा दाखवतात, हे ध्यानात ठेवून दोनदा मोजावं. शंभर किलोंत दहा इकडे-तिकडे होणं लहान गोष्ट नाही. कारखान्याच्या पाटीवर लिहिलेल्या रिकाम्या वजनावर विसंबू नका. त्यात बहुधा बॅटरी नसते, गॅस नसतो, तुमची भांडी तर नसतातच.

ट्रॉलीवाल्यांकडून शिकायचं तितकंच न शिकायचंही आहे. हुकाची मूळ पिन हरवली म्हणून सळईचा तुकडा घालणं, मागचे दिवे नसणं, ब्रेक नसणं, आणि वऱ्हाड बसवून नेणं. चालत्या ट्रेलरमध्ये एकही माणूस बसवू नये, मग आत कितीही छान सोफा असो. हुकाच्या गोळ्याबाबत एक बारीक फसवणूक आहे. युरोपी गोळा ५० मिलिमीटरचा आणि अमेरिकी दोन इंची, म्हणजे ५०.८ मिलिमीटर. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. दोन इंची कपलर, म्हणजे गोळ्यावर बसणारी दांडीच्या टोकाची वाटी, ५० च्या गोळ्यावर सैल बसतो, आणि मोठ्या खड्ड्यात वर उचलला जाऊ शकतो. मापाचा आकडा गोळ्यावर आणि कपलरवर कोरलेला असतो, तो वाचावा. कपलर बंद केल्यावर दांडीचा जॅक थोडा वर करून पाहावा. मोटारीचं मागचं टोक बरोबर उचललं गेलं, तर पकड खरी. सुरक्षा साखळ्या दांडीखालून एकमेकींना छेद देऊन लावायच्या, म्हणजे कपलर सुटलाच तर दांडी साखळ्यांवर पडेल, रस्त्यात रुतणार नाही.

ट्रेलरचे टायर झिजून नव्हे, म्हातारे होऊन फुटतात. ट्रेलर वर्षातले बहुतेक दिवस उभा असतो, आणि इथला मे महिना रबराला सुकवून काढतो. टायरच्या भिंतीवर चार आकड्यांत जन्मतारीख असते. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. पाच-सहा वर्षांवर गेलेला टायर खाचा कितीही खोल दिसोत, बदलावा. हवा सकाळी, टायर थंड असताना भरावी. चाकांचे नट नव्या गाडीत पहिल्या शंभरेक किलोमीटरनंतर पुन्हा आवळावेत. बेअरिंगचं ग्रीस ही तर खासरवाल्याची रोजची पूजा होती. आसाला वंगण नसेल, तर चाक कुरकुरून सगळ्या गावाला सांगे. आजचं बेअरिंग मुकाट्याने जळतं. अर्ध्या तासाच्या प्रवासानंतर थांबून चाकाच्या मध्यभागी हात जवळ नेऊन पाहावं. एक चाक दुसऱ्यापेक्षा स्पष्टपणे जास्त तापलं असेल, तर पुढे जाऊ नये.

उलटं चालवणं शिकायला धान निघाल्यावरचं कोरडं मैदान उत्तम. धानाच्या बांधीत घालू नका, तिच्या धुऱ्यावर आस आपटेल. स्टिअरिंगच्या तळाला हात धरायचा आणि ट्रेलरचं मागचं टोक जिकडे न्यायचं, तिकडे हात न्यायचा. एवढ्याने अर्धा गोंधळ मिटतो. वळण थोडं द्यायचं आणि वाट पाहायची. आखूड ट्रेलर सोपा असेल असं वाटतं, पण तो झटकन आडवा होतो. लांब ट्रेलर विचार करायला वेळ देतो. दांडी मोटारीच्या कोपऱ्याला भिडू लागली, की हट्ट सोडून पुढे घ्यावं आणि पुन्हा सुरू करावं. पुढे जाताना लक्षात ठेवायचं ते एवढंच, की ट्रेलरची चाकं मोटारीपेक्षा आतून वळतात. भंडारा शहरातल्या जुन्या बाजारात हे ज्ञान फार लवकर मिळतं.

कागदपत्रांचं थोडक्यात. मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार ट्रेलर हे स्वतंत्र वाहन धरलं जातं. त्याची नोंदणी वेगळी, आणि ओढणाऱ्या मोटारीचा क्रमांक ट्रेलरवरही दिसायला हवा. विमा काढताना ट्रेलर जोडलेला असताना काय भरून मिळेल, हे लेखी विचारून घ्यावं. गावच्या वेल्डिंगवाल्याकडून सुंदर ट्रेलर बनवून घेता येतो, यात शंका नाही, पण पहिला हातोडा मारण्याआधी आरटीओत जाऊन नोंदणीचं विचारावं.

आता मुक्काम. जिल्हा तळ्यांचा, तेव्हा मन पहिल्यांदा पाळीवर किंवा काठावर धावतं. मामा तलावांचे, म्हणजे जुन्या मालगुजारी तलावांचे काठ पाणी ओसरल्यावर वरून भेगाळलेले आणि कोरडे दिसतात. त्या पापुद्र्याखाली गाळ ओला असतो आणि एका आसाचा ट्रेलर त्यात सहज बसतो. टाच रोवून बघावी, पाणी सुटलं तर मागे फिरावं. या तळ्यांत ढीवरांच्या सोसायट्या मासेमारी करतात, तेव्हा संडासाची टाकी तिथे रिकामी करणं हे केवळ घाणेरडं नाही, दुसऱ्याच्या ताटात ओतणं आहे. पावसाळ्यात वैनगंगेच्या काठावर उतरूच नये. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस भंडारा शहरात पूर शिरला तो वर मध्य प्रदेशातल्या संजय सरोवरातून आणि इतर धरणांतून सोडलेल्या पाण्याने. डोक्यावर आभाळ निरभ्र आहे म्हणून नदी सुरक्षित, असा हिशेब इथे चालत नाही. गोसीखुर्दच्या फुगवट्याची पातळीही पावसावर नव्हे, धरणाच्या दरवाजांवर चालते.

नागझिरा आणि कोका अभयारण्यांत वनविभागाच्या परवानगीशिवाय ट्रेलर उभा करून रात्र काढता येत नाही, हे बरंच आहे. नागझिऱ्याला पिटेझरीच्या बाजूने जायचं असेल, तर अलीकडच्या गावात घरमालकाला विचारून अंगणाशेजारी उतरावं. साकोलीच्या पुढे महामार्ग नागझिरा आणि नवेगाव यांमधल्या जंगलपट्ट्यातून जातो. ट्रेलरसह मोटार थांबायला नेहमीपेक्षा बरंच जास्त अंतर लागतं, आणि आडवं आलेलं सांबर ते अंतर देत नाही, म्हणून हा टप्पा उजेडी पार करावा. मार्च-एप्रिलमध्ये मोहाच्या झाडाखाली मुक्काम नको. फुलांचा वास छान असतो. पण त्या फुलांसाठी पहाटे गावची माणसं येतात, आणि त्यांच्याही आधी अस्वल येऊन जातं.

जागा ठरली, की आधी ट्रेलर मोटारीला जोडलेला असतानाच डावी-उजवी बाजू समतल करावी, खालच्या चाकाखाली फळी घालून. मग चाकांच्या दोन्ही बाजूंना लाकडी ठोकळे, आणि त्यानंतरच कपलर सोडायचा. पुढे-मागे समतल करणं हे दांडीच्या जॅकचं काम. हा क्रम उलटा केला, की ट्रेलर उतारावरून स्वतःच फिरायला निघतो. कोपऱ्यांचे टेकू हलू नये म्हणून असतात, त्यांनी ट्रेलर उचलू नये, सांगाडा वाकतो.

स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड. गळती झाली तर तो जमिनीलगत साचतो, तेव्हा ट्रेलरच्या खालच्या हवेच्या जाळ्या थंडी वाजते म्हणून चिंध्यांनी बुजवू नयेत. चालताना रेग्युलेटर बंद. घरगुती मोठ्या सिलिंडरात १४.२ किलो गॅस आणि त्याहून थोडं जास्त लोखंड असतं. दोन दिवसांसाठी पाच किलोंचा छोटा पुरतो आणि दांडीचं गणितही बिघडवत नाही. डिसेंबरच्या थंडीत निखाऱ्यांची शेगडी आत घेऊन झोपणं हा मात्र जिवावरचा खेळ आहे. धूर दिसत नाही, तरी कार्बन मोनॉक्साइड तयार होत असतो आणि त्याला वास नसतो.

पहिला प्रवास पचमढीचा ठरवण्याचा मोह भंडाऱ्यात प्रत्येकाला होतो, महादेवाची ओढ जुनी आहे. पण घाटाचा उतार हा हात बसल्यावरचा विषय. पहिल्या खेपेला रावणवाडी किंवा चांदपूर बघावं, एक रात्र राहावं. काहीतरी विसरलेलं असणारच, आणि ते आणायला घर जवळ असावं. उतरताना गाडी न्यूट्रलवर सोडायची नाही, ज्या गिअरमध्ये चढला त्याच किंवा त्याखालच्या गिअरमध्ये उतरायचं, हे चांदपूरच्या टेकडीवरच्या लहानशा रस्त्यावरही तपासून पाहता येतं. घरी आल्यावर ट्रेलर रिकामा करून जे सामान एकदाही हाताला लागलं नाही, ते घरात ठेवून द्यावं, उरलेलं भरून पुन्हा धर्मकाट्यावर जावं, आणि आलेले दोन्ही आकडे खडूने नव्हे, रंगाने दांडीवर लिहून ठेवावेत.